घरच्या फायबरवर एक पोर्ट उघडू द्या : ट्रायला आणि ब्रॉडबँड कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय), नवी दिल्ली
आणि घरोघरी फायबर देणाऱ्या कंपन्यांचे जबाबदार अधिकारी

स.न.वि.वि.

मी सांगलीत राहते. घरातल्याच एका खोलीत अकाउंट्सचं आणि जीएसटीचं काम करते. माझे बरेचसे क्लायंट सांगली-तासगावच्या बाजारातले बेदाण्याचे अडते आणि व्यापारी आहेत, काही द्राक्षबागायतदार आहेत. हे पत्र माझ्या घरच्या इंटरनेटबद्दल आहे : बाहेरून माझ्या घरच्या कॉम्प्युटरपर्यंत पोहोचायची वाट कंपनीने न सांगता बंद केली. पण नुसतं माझं गाऱ्हाणं असतं तर ते कंपनीच्या तक्रार कक्षापुरतंच ठेवलं असतं. घरी फायबर घेतलेल्या कुणावरही उद्या हीच वेळ येऊ शकते, आणि ती कशामुळे आली हे त्याला कुणी सांगणार नाही. म्हणून जाहीरपणे लिहिते आहे.

आधी माझं काम कसं चालतं ते सांगते. तासगावात मार्केट यार्डाजवळ माझी एक सहकारी बसते. सौदे झाले की पट्ट्या तिच्याकडे येतात आणि ती त्या थेट माझ्या घरच्या कॉम्प्युटरवरच्या हिशेबात टाकते. हा डेटा घरीच ठेवायचा, हे मी विचारपूर्वक ठरवलेलं आहे. कुणाचा किती माल कुठल्या कोल्ड स्टोरेजमध्ये पडून आहे, कुणी किती उचल घेतली आहे, कुणाला या आठवड्यात पैशाची नड आहे, हे सगळं त्या हिशेबात दिसतं. ते बाहेर फुटलं तर पुढच्या सौद्यात त्या माणसाचा भाव पाडला जातो. लोकांनी ही माहिती माझ्या भरवशावर दिली आहे. ती दुसऱ्याच्या सर्व्हरवर नेऊन ठेवायची नाही, असा माझा त्यांना शब्द आहे.

तासगावचा कॉम्प्युटर घरच्या कॉम्प्युटरशी जोडायला मी वायरगार्ड वापरत होते. फुकट मिळणारा, जगभर तपासला गेलेला हा व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून दोन कॉम्प्युटर जोडणारा खाजगी, कुलूपबंद मार्ग आहे. त्याला घरच्या बाजूने एकच गोष्ट लागते, राऊटरवर उघडलेला एक पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं एक क्रमांक असलेलं दार. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकायचं, लॉगिन करायचं आणि पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर रकाने भरायचे : बाहेरचा पोर्ट ५१८२०, प्रोटोकॉल यूडीपी, आतल्या कॉम्प्युटरचा पत्ता, आतला पोर्ट पुन्हा ५१८२०. सेव्ह केलं की झालं. घराचा बाहेरचा आयपी पत्ता अधूनमधून बदलायचा, त्यासाठी डायनॅमिक डीएनएसवर, म्हणजे बदलता पत्ता एकाच नावाने शोधून देणाऱ्या सेवेवर, एक नाव घेऊन ठेवलं होतं. कितीतरी हंगाम हे बिनबोभाट चाललं.

मग एका रात्रीत कंपनीने दोन गोष्टी केल्या. माझी जोडणी सीजीनॅटच्या, म्हणजे अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेच्या, मागे टाकली, आणि ओएनटीचं, म्हणजे भिंतीवर लावलेल्या, राऊटरचंही काम करणाऱ्या फायबरच्या डब्याचं, सॉफ्टवेअर दुरून बदलून पोर्ट फॉरवर्डिंगचं पानच काढून टाकलं. आता लॉगिन केलं की वायफायचं नाव आणि पासवर्ड बदलता येतो, बाकी काही नाही. ना एसएमएस, ना ईमेल. सकाळी तासगावहून फोन आला, "ताई, घरचा कॉम्प्युटर लागत नाहीये." तेव्हा कुठे मला कळलं. राऊटरच्या स्टेटस पानावर बाहेरचा पत्ता पाहिला, तर तो १००.७२ ने सुरू होत होता.

ज्यांना हा आकडा परिचयाचा नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. इंटरनेटचे जुने, आयपीव्ही४ पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच आहेत. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. त्यावर तोडगा म्हणून कंपन्या एकच खरा पत्ता अनेक ग्राहकांत वाटू लागल्या आणि त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा राखून ठेवण्यात आला. तुमच्या राऊटरला यातला पत्ता मिळाला असेल तर तो फक्त कंपनीच्या जाळ्यात चालतो, बाहेरच्या जगाला तो दिसत नाही. घरातून बाहेर मागणी गेली की कंपनीचं यंत्र तक्त्यात नोंद करतं आणि त्या नोंदीवरून उत्तर परत आणतं. त्यामुळे व्हिडिओ दिसतो, बँक चालते, व्हॉट्सॲप चालतं. पण बाहेरून कुणी पहिली हाक मारली तर तक्त्यात नोंदच नसते आणि ती हाक कंपनीच्या दारातच विरते. माझ्या दाराची कडी माझ्या हातात आहे, पण गल्लीच्या तोंडाशी कंपनीने फाटक घातलं आहे आणि त्याची किल्ली कुणालाच मिळत नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार न सांगता केलेल्या बदलाची. मी भाडं तेच भरते, प्लॅनचं नाव तेच आहे, स्पीड तोच आहे. पण मी जी सेवा घेतली होती तिचा अर्धा भाग काढून घेतला गेला आहे. इंटरनेटची जोडणी दोन्ही बाजूंनी चालते. बाहेरचं पाहता येणं हा तिचा एक भाग आणि बाहेरून आपल्यापर्यंत पोहोचता येणं हा दुसरा. दुसरा भाग बंद करायचा असेल तर ग्राहकाला आधी कळवायला नको का? डेटाच्या मर्यादेबाबत ट्रायनेच कंपन्यांना बजावलं होतं की मर्यादा किती आणि ती ओलांडल्यावर स्पीड किती, हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. २०१६ मध्ये त्या आदेशात सुधारणा करून मर्यादेनंतरचा किमान वेगही ठरवून दिला. मग जोडणीला सार्वजनिक पत्ता आहे की नाही, हे प्लॅनच्या माहितीत एका ओळीत लिहायला काय अडचण आहे? मी घरच्या वापराच्या प्लॅनची जी माहितीपत्रकं पाहिली, त्यात ही ओळ कुठेच नव्हती.

दुसरी तक्रार ओएनटीच्या पासवर्डची. डबा माझ्या भिंतीवर आहे, त्याची अनामत मी भरली आहे, वीज माझी जळते. पण त्याचा ॲडमिन पासवर्ड कंपनीकडे. कंपनीने तो स्वतःकडे ठेवू नये असं माझं म्हणणं नाही. फायबर जोडून ठेवायला ज्या सेटिंग लागतात त्या तिने खुशाल बंद ठेवाव्यात, त्यात कुणी हात घातला तर एकाच स्प्लिटरवरच्या, म्हणजे एकाच फायबरच्या फाट्यावरच्या, शेजाऱ्यांनाही त्रास होऊ शकतो. पण माझ्या घरातल्या जाळ्याची सेटिंग माझी आहे. निदान ओएनटी ब्रिज मोडवर टाकून, म्हणजे त्याच्याकडे फक्त फायबरचं काम ठेवून, मला माझा राऊटर लावू द्यावा, तर तेही नाही. घरी आलेला मुलगा भला होता. त्याने मोबाईलवर ब्रिजचा पर्याय शोधून दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, हे दाबलं तर मला वरून फोन येतो." जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला आपल्या पसंतीचा राऊटर लावायचा कायदेशीर हक्क आहे. युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमात तर स्वतःच्या पसंतीचं उपकरण वापरणं आणि स्वतः सेवा पुरवणं हे दोन्ही ग्राहकाचे हक्क म्हणून लिहिलेले आहेत. आपण नेट न्यूट्रॅलिटीच्या बाबतीत जगाच्या पुढे होतो. वेगवेगळ्या वेबसाइटसाठी वेगवेगळे दर लावायला मनाई करणारा फेब्रुवारी २०१६ चा ट्रायचा निर्णय मला आजही आठवतो आणि त्याचा अभिमान वाटतो. त्याच ट्रायकडे मी हे मागते आहे.

तिसरी तक्रार तक्रारीचीच. कस्टमर केअरच्या यादीत नेट बंद, स्पीड कमी, बिल आणि वायफाय एवढेच प्रकार आहेत. माझी तक्रार "स्पीड कमी" मध्ये टाकली गेली. ओएनटीवरचा दिवा हिरवा आहे, स्पीड टेस्टचा आकडा बरोबर आहे, असं पाहून ती "निवारण झाले" म्हणून बंद केली गेली. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे पुढे कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, तशी मी गेले. उत्तर आलं की घरगुती प्लॅनवर पोर्ट फॉरवर्डिंगला "सपोर्ट नाही". का नाही, हे नाही. बिझनेस प्लॅन घ्या, त्यावर स्टॅटिक, म्हणजे कधी न बदलणारा, आयपी मिळेल, असा सल्ला मात्र मिळाला. भाडं जवळपास दुप्पट. मला स्टॅटिक आयपी नकोच आहे. बदलत राहणारा का होईना, बाहेरून दिसणारा पत्ता हवा आहे, जो माझ्याकडे होता.

कंपन्यांची बाजू मी ऐकून घेतली आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. तिचा विचार केल्याशिवाय मागण्या मांडणं बरोबर होणार नाही.

पत्ते अपुरे आहेत, हे खरं आहे. भारतात पत्त्यांचं वाटप करणाऱ्या इरिनकडेही आता मागेल तेवढे जुने पत्ते नाहीत आणि बाजारात ते विकत घ्यावे लागतात. म्हणून प्रत्येक घराला स्वतंत्र आयपीव्ही४ पत्ता द्या, असं मी म्हणणार नाही. बहुतेक घरांना तो लागतही नाही. पण ज्याला लागतो त्याने मागितल्यावर तरी द्यावा, आणि त्याची रक्कम खर्चाला धरून असावी. दुसरा मार्गही आहे आणि तो नवा नाही. इंटरनेटचे तांत्रिक दंडक ठरवणाऱ्या आयईटीएफने एप्रिल २०१३ मध्ये सीजीनॅट कसं असावं यावर आरएफसी ६८८८ हा दस्तऐवज काढला. त्यात साफ म्हटलं आहे की ग्राहकाला आपल्या नोंदींवर स्वतः नियंत्रण ठेवता येईल अशी सोय असलीच पाहिजे. त्यासाठी पोर्ट कंट्रोल प्रोटोकॉल नावाची पद्धतही त्याच वेळी ठरवून दिली. एका पत्त्यावर ६५ हजारांहून अधिक पोर्ट असतात. त्यातला एक माझ्या नावावर ठेवायचा आहे. कंपन्या म्हणतात हे अवघड आहे. पण परवान्याच्या अटींनुसार कोणत्या वेळी कुठला पत्ता कुणाकडे होता याच्या नोंदी त्यांना किमान दोन वर्षं जपाव्या लागतात, आणि सीजीनॅटच्या मागच्या ग्राहकाचा माग पोर्टशिवाय लागतच नाही. पोलिसांसाठी जी नोंद ठेवता येते, ती पैसे भरणाऱ्या ग्राहकासाठी का ठेवता येत नाही?

मग आयपीव्ही६, म्हणजे टंचाई नसलेले नव्या पद्धतीचे पत्ते, वापरा, असं मला जाणकारांनी सांगितलं. मी तेही करून पाहिलं. दूरसंचार विभागाने आयपीव्ही६ चा पहिला आराखडा जुलै २०१० मध्ये काढला. ३१ डिसेंबर २०२२ नंतरच्या नव्या वायरलाइन जोडण्या आयपीव्ही६ वर चालल्याच पाहिजेत आणि कंपन्यांनी दिलेले जुने मोडेम तोवर बदलून द्यावेत, असा आदेशही त्यांनी काढला. आज आयपीव्ही६ च्या वापरात भारत जगात आघाडीवर आहे आणि ही खरंच मोठी गोष्ट आहे. माझ्या घरीही आयपीव्ही६ येतं. माझ्या कॉम्प्युटरला स्वतःचा, जगात कुठूनही दिसू शकेल असा पत्ता आहे. पण ओएनटीमधलं फायरवॉल, म्हणजे पहारा ठेवणारं सॉफ्टवेअर, बाहेरून येणारं सगळं अडवतं आणि ते उघडायची सेटिंग त्याच काढून टाकलेल्या पानांत गेली. म्हणजे पत्त्यांची टंचाई जिथे मुळीच नाही तिथेही दार बंदच. शिवाय तासगावातल्या ऑफिसला जी लोकल लाईन आहे तिच्यावर आयपीव्ही६ नाहीच. दोन्ही टोकांना ते असल्याशिवाय उपयोग नाही.

राहिला सुरक्षेचा मुद्दा. तो मी सगळ्यात गंभीरपणे घेते, कारण माझं कामच दुसऱ्याची माहिती सांभाळायचं आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने फॅक्टरीचे पासवर्ड तसेच राहिलेले कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले आणि अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. तेव्हा नकळत उघडे राहिलेले पोर्ट धोक्याचे आहेत, याबद्दल वाद नाही. मूळ सेटिंग बंदच असावी, हेही मला मान्य आहे. पण पुढच्याच महिन्यात काय झालं तेही पाहा. जर्मनीत डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं नेट कोलमडलं, आणि हल्ला झाला होता तो कंपनीने राऊटर दुरून सांभाळण्यासाठी ठेवलेल्या पोर्टवर. म्हणजे ग्राहकाच्या हातातली सेटिंग काढून घेतली की सुरक्षा आपोआप येते, असं नाही. वायरगार्डचा पोर्ट तर ओळखीची किल्ली नसलेल्या माणसाला उत्तरच देत नाही. बाहेरून तपासणाऱ्याला तिथे काही आहे हेसुद्धा कळत नाही.

उलट बंदीमुळे लोक कुठे ढकलले जातात, ते बघा. माझ्या एका क्लायंटच्या कोल्ड स्टोरेजमधले कॅमेरे तो पूर्वी आपल्या रेकॉर्डरशी थेट जोडून मोबाईलवर पाहायचा. त्याची लाईनही सीजीनॅटमागे गेली आणि आता त्याला कॅमेरा कंपनीच्या ॲपमधूनच पाहावं लागतं. जोडणी त्या कंपनीच्या सर्व्हरकडून होऊन येते. ते सर्व्हर कुठल्या देशात आहेत, चित्रण तिथे किती दिवस राहतं, हे त्याला माहीत नाही आणि विचारायला जागाही नाही. एकीकडे इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालय एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी सक्तीची करतं, कारण हे चित्रण कुठे जातं याची काळजी सरकारलाही आहे. आणि दुसरीकडे घरची जोडणी अशी केली जाते की चित्रण परक्या सर्व्हरवरून फिरवून आणल्याशिवाय ते पाहताच येऊ नये. हे एकमेकांशी जुळत नाही.

मीसुद्धा सध्या एक भाड्याचा सर्व्हर मध्ये घालून काम भागवते आहे. मजकूर सांकेतिक रूपातच जातो, त्यामुळे क्लायंटना दिलेला शब्द मोडलेला नाही. पण त्याचं भाडं वेगळं, वेळ वेगळा, आणि तो बंद पडला की तासगावचं काम थांबतं. जीएसटीची २० तारीख कुणासाठी थांबत नाही. उशिराचा भुर्दंड व्यापाऱ्याला बसतो आणि बोल मला लागतो. आणि मला हे जमतं म्हणून मी केलं. वैद्यकीय प्रयोगशाळेचे रिपोर्ट घरून पाहणारे डॉक्टर, गावाकडे एकट्या राहणाऱ्या आईवडिलांचा दरवाजा पुण्या-मुंबईहून किंवा परदेशातून पाहणारी मुलं, घरच्या कॉम्प्युटरवर पहिली वेबसाइट चालवून बघणारा डिप्लोमाचा विद्यार्थी, या सगळ्यांनी काय करायचं? मी शिकले ती अशाच एका घरच्या जोडणीवर. आजच्या मुलाने तेच करायचं म्हटलं तर पहिल्या पायरीवरच त्याला "सपोर्ट नाही" असं सांगितलं जाईल.

तेव्हा मागण्या स्पष्ट लिहिते.

ट्रायकडे : प्रत्येक ब्रॉडबँड प्लॅनच्या माहितीत जोडणीला सार्वजनिक आयपीव्ही४ आहे की सीजीनॅट, आयपीव्ही६ आहे की नाही आणि बाहेरून येणारी जोडणी उघडता येते की नाही, हे छापणं सक्तीचं करा. चालू ग्राहकाला सीजीनॅटमागे न्यायचं असेल तर किमान ३० दिवस आधी लेखी कळवणं बंधनकारक करा आणि त्या काळात त्याला अनामत परत घेऊन, दंड न भरता, जोडणी सोडता येऊ द्या. सेवेच्या दर्जाचे २०२४ चे नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले आहेत. त्यात विलंब मोजता, पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, वाटेत किती गळतात ते मोजता. बाहेरून घरापर्यंत पोहोचता येतं का, हे मात्र कुणी मोजत नाही. तोही दर्जाचा निकष धरा. तक्रारींच्या यादीत याचा वेगळा प्रकार करायला लावा. आणि ग्राहकाच्या पसंतीच्या राऊटरचा प्रश्न घेऊन एक कन्सल्टेशन पेपर काढा. त्यावर लेखी म्हणणं देणाऱ्यांत मी असेन.

कंपन्यांकडे : घरगुती ग्राहकाने मागितल्यावर बदलता का होईना सार्वजनिक पत्ता रास्त शुल्कात द्या. तो शक्य नसेल तर पोर्ट कंट्रोल प्रोटोकॉलने किंवा तुमच्या वेबसाइटवरच्या ग्राहकाच्या खात्यातून निदान काही पोर्ट त्याच्या नावावर करा. आयपीव्ही६ चं फायरवॉल मुळात बंद ठेवा, पण ते उघडायची सेटिंग ग्राहकाच्या हातात द्या. ब्रिज मोड मागणाऱ्याला तो द्या, आणि कंपनीच्या जाळ्यात शिरायला लागणारं पीपीपीओईचं युजरनेम, पासवर्ड व व्हीलॅनचा क्रमांक ही त्याच्याच जोडणीची माहिती त्याच्यापासून लपवू नका. घरी येणाऱ्या मुलांना हे काय आहे ते शिकवा. ती शिकायला तयार आहेत, असा माझा अनुभव आहे.

माझ्या स्वतःच्या कंपनीचं नाव मी इथे मुद्दाम घेतलेलं नाही. तिच्याकडे माझा ग्राहक क्रमांक, तक्रारीचा डॉकेट नंबर आणि अपिलाची प्रत आहे. माझ्या ओएनटीवर पोर्ट फॉरवर्डिंगचं पान परत द्यावं आणि जोडणीला बाहेरून दिसणारा पत्ता द्यावा. बेदाण्याचा पुढचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो. त्याआधी, होकार असो वा नकार, कारणासह लेखी उत्तर हवं आहे.

कळावे,
आपली,
सांगलीतील एक ब्रॉडबँड ग्राहक